आईचा फोटो

जनूदादा,

कुवेतमध्ये लढाई पेटली, तू तिकडे अडकलास आणि आपल्या वडखळच्या दारात पेपरवाले जमले. त्यांच्याशी बोलायचं काम माझ्याकडे आलं. फोटोवाल्याला आई रडताना हवी होती. ती म्हणाली, "जित्या मानसाच्या नावानं मी रडनार नाय." एकदाची ब्याद टळावी म्हणून मी तिला सांगितलं, "दादा गेला गो." तिनं हंबरडा फोडला, फोटो निघाला, मग मी म्हटलं, खोटं होतं. थू माझ्या जिभेवर!

तू सुखरूप आहेस, उद्या घरी येतोयस, हे कळताच तेच लोक परत आले. आता त्यांना आई हसताना हवी. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "आता काय खोटं सांगशील रे?"

हे पत्र तुला द्यायची हिंमत नसलेला,
विठू