पेवातलं रडणं

माय,

काल दुपारी भाकरी थापता थापता माझा हात थांबला, अगदी तुझा थांबायचा तसा. घरात मी एकटीच होते. थोडा वेळ कान देऊन उभी राहिले, मग गॅस बंद केला. तू जाऊन इतकी वर्षं झाली, आणि त्या उन्हाळ्याबद्दल आपण दोघी कधी नीट बोललोच नाही.

निजामाचं राज्य जाऊन तीन-चार वर्षं झाली असतील. घनसावंगीच्या बाजूला पाठोपाठ दोन वर्षं पाऊस नव्हता. वडील बैलं घेऊन चाऱ्यासाठी गोदाकाठाला गेलेले. घरात तू, नऊ वर्षांची मी आणि पावणेदोन वर्षांचा माझा भाऊ. कणगीतली ज्वारी तळाला गेली होती. अंगणाखालचं पेव मात्र ज्वारीनं भरलेलं होतं. जमिनीत खोल खणलेलं, आतून कडब्यानं मढवलेलं, वर दगड बसवून शेणामातीनं लिंपलेलं. पण पेवाला एकदा वारं लागलं की दाणा टिकत नाही, सगळा बाहेर काढावाच लागतो. "आत्ताच फोडलं तर आषाढात काय खायचं?" तू म्हणायचीस. तुझं म्हणणं बरोबरच होतं. म्हणून आपण कळण्याची, दळणातल्या चुऱ्याची, पातळ पेज पीत राहिलो, आणि भावाला त्या पेजेच्या वरचं पाणी.

आधी तो फार रडायचा. मग त्याचे केस तांबूस झाले आणि पाय गुबगुबीत दिसायला लागले. शेजारची काकू म्हणाली, "लेकरू अंगानं भरून राह्यलंय." आपण दोघींनी ते खरं मानलं. काही दिवसांनी त्याचं रडणं बंद झालं. घर शांत झालं म्हणून त्या दिवशी तुला भरदुपारी झोप लागली, मी तुला उठवलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. शेताच्या बांधावर, हिवराच्या झाडाखाली त्याला पुरलं.

त्यानंतर आठवडाही झाला नसेल. दुपार आहे, तू चुलीपुढे बसली आहेस आणि तुझा हात परातीत थांबतो.

"लेकरू रडून राह्यलंय," तू म्हणतेस.

"काकूचं असंल."

"न्हाई. खालून येऊन राह्यलंय."

तू अंगणात जाऊन पेवाच्या दगडाला कान लावतेस आणि मला बोलावतेस. दगड उन्हानं तापलेला, माझा कान भाजतो. आणि मलाही ऐकू येतं. शेवटी शेवटी तो नुसता कण्हायचा, पण हे रडणं त्याच्या आधीचं होतं, भूक लागल्यावरचं, हट्टाचं. जाड गोधडीखालून यावं तसं येत होतं. "आलं ना?" तू विचारलंस. मी मान हलवली. तू घाबरली नाहीस. उठून कुदळ आणलीस.

दगड सरकवला तेव्हा आतून गरम, आंबूस वाफ आली. काकूनं तुझा हात धरला. "जल्दी करू नको. आतलं वारं वाईट असतंय. आधी दिवा सोडून बघ." दोरीला बांधून सोडलेला दिवा निम्म्यावर जाऊन विझला. दुसऱ्या दिवशीही विझला. तिसऱ्या दिवशी तळाशी जळत राहिला, तेव्हा कमरेला दोर बांधून तू उतरलीस. मी आणि काकू वरून टोपली ओढत होतो. खालून तुझं हळू बोलणं ऐकू येत होतं, समजूत काढल्यासारखं.

"माय, कोणाशी बोलून राह्यलीस?"

"कोणाशी न्हाई. टोपलं उचल."

मी वाकून पाहिलं. ज्वारीच्या मधोमध एक खळगा होता, कुशीवर झोपलेल्या लहान लेकराएवढा. दाणे बसले की तसं होतं, असं काकू म्हणाली. पण तू त्याच्या कडेकडेनं ज्वारी भरत होतीस. खळग्यातली ज्वारी तू सगळ्यात शेवटी ओंजळीनं काढलीस.

त्याच संध्याकाळी तू आळीतल्या पाच घरांत निरोप धाडलास की ज्याच्या घरी अंगावरचं दूध सुटलेलं लेकरू आहे त्यानं टोपलं घेऊन यावं. भाजलेली ज्वारी आणि हरभरा एकत्र दळायचा, त्याची घट्ट पेज करायची, शेवग्याचा पाला चुरून टाकायचा. पहिलं गाडगं लेकराचं, मग मोठ्यांचं. काकूला ते पटेना.

"आन् पाऊस न्हाई आला तर?"

"तर सगळेच मरू. पर लेकरं आधी न्हाई."

पाऊस आला, फार उशिरा. आषाढात मोठी माणसं एक वेळ रानातल्या तरोट्याची भाजी खाऊन राहिली. आळीतलं एकही लेकरू गेलं नाही. सुगीला त्या पाचही घरांनी तुझं पेव आधी भरलं आणि पुढं प्रत्येक अंगणात एकेक शेवगा लागला. मला ते रडणं पुन्हा ऐकू आलं नाही. तुला मात्र येत असावं, कारण भाकरी थापताना तुझा हात थांबायचा.

मोठी होऊन मी अंबडला दवाखान्यात नर्स झाले. लेकरांना काट्यावर ठेवायचं, पायावर अंगठा दाबून बघायचं, खळगा राहिला की ती भुकेची सूज, मग आईला खाली बसवून समजावायचं. कित्येक पाय दाबले. तुझ्या शेवटच्या आजारात तू माझ्याकडे होतीस. एका दुपारी छताकडे बघत तू विचारलंस, "पेव महिनाभर आधी उघडलं असतं तर राह्यला असता का गं तो?"

"न्हाई माय," मी म्हणाले. "त्याला आतून ताप होता. खाऊ घालून काही झालं नसतं."

मी नर्स, म्हणून तू विश्वास ठेवलास. "मंग बरं," म्हणालीस आणि कुशीवर वळलीस.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून इथं खरं लिहिते. तो राहिला असता, माय. तुला तापाचं सांगितलं तेव्हाही मला ते माहीत होतं.