विजयच्या वाटचा रस

मी, सौ. सुमित्रा शांताराम खरवंडीकर, राहणार बरखेडा, भोपाळ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली न येता लिहिते. शुद्धीत आहे, पण घाबरलेली आहे. उद्या सकाळी पोटाचे ऑपरेशन आहे. भुलीचे औषध देतील, आणि मी निजलेली असताना घरात काय होईल याची मला सुरीपेक्षा जास्त भीती वाटते.

१. माझ्या पाटल्या आणि पोस्टातली शिल्लक माझा एकुलता मुलगा चि. विजय याला द्यावी. तो लष्करात आहे. नोव्हेंबरात तो बेपत्ता असल्याची तार आली. मेल्याची आलेली नाही. या कागदाची नक्कल करणाऱ्याने त्याच्या नावाआधीचे चि. गाळू नये.

२. फ्रिज शेजारच्या कांचनला. विलायतेला परतणाऱ्या एका मडमेकडून यजमानांनी तो मला घेऊन दिला. अट एकच, बर्फाच्या कप्प्यातला ॲल्युमिनियमचा डबा तिने जपावा. गेल्या मे महिन्यात चि. विजयला रजा मिळाली नाही, तेव्हा "माझ्या वाटचा आमरस ठेव," असे त्याने लिहिले होते. आधी मी काचेच्या बरणीत भरला, तर गोठताना रस फुगून बरणी तडकली. म्हणून डबा दोन बोटे रिकामा ठेवला आहे. कप्प्यात बर्फ फार साठला की फ्रिज बंद करून तो वितळवावा लागतो. तेवढा वेळ डबा बाजारच्या बर्फात, खडेमीठ घालून, गोणपाटात गुंडाळायचा. हे कांचनला येते. "काकू, फिकीर नका करू, मी सँभाळते," म्हणाली. ती इथेच वाढली, बोलते अशी, पण शब्दाची पक्की आहे.

३. माझ्या नणंदबाई, लीलावतीवन्सं, माझ्या आजारपणासाठी पुण्याहून आल्या. खूप केले, नाही म्हणणार नाही. पण फ्रिजमधले शिळे म्हणून एरवी त्यातले पाणीही न पिणाऱ्या वन्संनी काल तो डबा बाहेर काढला. म्हणाल्या, "सुमित्रा, त्याचे दिवस कधी करणार? त्याला आवडायचा, तोच रस पानात वाढू." यजमान गप्प बसले. त्यांचे गप्प बसणे म्हणजे होकार, हे मी इतकी वर्षे पाहते आहे. मीच उठून डबा परत कप्प्यात ठेवला.

मी गेले तर माझे दिवस करा, हवे ते वाढा. तो रस मात्र माझ्या पानात नको आणि त्याच्या नावाने तर मुळीच नको. तो त्याने स्वतः बसून खायचा आहे. गरम न करता आपोआप सुटू द्यावा. चव उतरली असली तर त्याला सांगू नये.

४. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असे वकील म्हणाले. म्हणून यजमानांना आणि वन्संना काही ठेवलेले नाही. सह्या मात्र त्यांच्याच घेते, म्हणजे वाचले नाही असे म्हणता येणार नाही. वन्संनी राग धरू नये. मला फार भीती वाटते आहे.

सुमित्रा शांताराम खरवंडीकर
बरखेडा, भोपाळ. ११ मार्च १९६३

आमच्यासमक्ष सही केली. साक्षीदार:

१. शांताराम काशिनाथ खरवंडीकर

२. लीलावती त्र्यंबक पळशीकर, चि. विजयची आत्या