इद्रिस सहीला गेला

२७ एप्रिल २०२४, शनिवार. ब्रिस्टल
दुपारी इद्रिस आला. मागचं गवत कापलं, वरण-भात खाल्ला. माझी सु. गेल्यापासून दर शनिवारी येतो. ती चर्चच्या हॉलमध्ये इंग्लिश शिकवायची, तिथला तिचा विद्यार्थी. सुदानचा. तिला मावशी म्हणायचा, मला काका. निघताना 'जातो' म्हणायचं नसतं, 'येतो' म्हणायचं, हेही तिनेच शिकवलं.
फ्रान्सहून होडीतून आलेल्यांना रवांडाला पाठवायचा कायदा झाला. तोही तसाच आलेला, त्यालाही नोटीस आहे. मंगळवारी होम ऑफिसला हजेरीच्या सहीला जायचंय. तिथेच धरतात म्हणे. म्हटलं, नको जाऊस.
"काका, नाही गेलो तर पळाला म्हणतील. मग आश्रयाची केस संपली."
मग हसून, "तिकडे गवत चांगलं वाढतं म्हणे. मशीन घेऊन या."
मला हसता आलं नाही.

३० एप्रिल, मंगळवार
सकाळी गाडीने सोडतो म्हटलं. "नको, तुमचीही सही घेतील." बसस्टॉपपर्यंत चालत गेलो.
नंतर घरात बसवेना. दोनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो. दुपारी मेसेज, इंग्रजी अक्षरांत: येतो काका.
हायसं वाटलं. कुकर लावला. बटाट्याची भाजी केली, सु.सारखी नाही झाली. दोन ताटं घेतली. बस गेल्या, तो उतरला नाही. फोन बंद. भाजी परत गरम केली.
अंधार पडल्यावर डोक्यात प्रकाश पडला. तो परत येत नव्हता. निघाला होता. फोन काढून घ्यायच्या आधी तेवढंच लिहिता आलं असणार.
जन्म मराठीत गेला माझा, आणि...

२ मे
झोप नाही. मधुराचा एडिनबराहून फोन, तिच्या मोडक्या मराठीत. "बाबा, तुमचा चूक नाहीये. जेवला का?" हो म्हटलं.
इद्रिसच्या सॉलिसिटरबाई सापडल्या. त्याला विमानतळाजवळच्या डिटेन्शन सेंटरमध्ये ठेवलंय. त्यांनी विचारलं, तुम्ही त्याचे कोण?
"अंकल."
"रक्ताच्या नात्यातले?"
त्यांनी पुढचा प्रश्न विचारला.
सु. असती तर आतापर्यंत तिथे जाऊन भांडली असती. मला दुकानाच्या रांगेतसुद्धा बोलता येत नाही. भेटीची वेळ मागायला तीनदा फोन उचलला, ठेवला. चौथ्यांदा लावला. नंतर कळवू म्हणाले.

२३ मे
निवडणूक जाहीर झाली. मतदानाआधी रवांडाचं विमान उडणार नाही म्हणे. म्हणजे नंतर उडणार? बाई म्हणाल्या, जामिनाचा अर्ज गेलाय, काही सांगता येत नाही. भेटीचंही अजून नाही.
तिथे त्याला साधा फोन दिलाय, नंबर मला माहीत नाही. त्यामुळे अनोळखी फोनही घेतो. आज एक जण खिडक्या विकत होता. त्याचं सगळं ऐकून घेतलं. मध्येच ठेवायला जमेना.
ऊन चांगलं आहे. चादरी धुतल्या, मागे वाळत घातल्या. फोन शर्टाच्या खिशात.