कळलावीचे कंद

माय, यंदा परसात कळलावीचं बी पेरलं, प्रत्येक दाण्याजवळ तू रोवायचीस तशी तुराटी रोवली, आणि तुझ्याशी पुन्हा भांडावंसं वाटलं.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. जवाहरनगरच्या क्वार्टरात तू माझ्याकडे राहायला आलीस ती पदराच्या गाठीत लाल दाणे बांधूनच. तू करडी गावाकडची सुईण. अडलेल्या बाईच्या कमरेला कळलावीचा कंद बांधायचा आणि मूल बाहेर येताच सोडायचा, हा तुझा रिवाज. जंगलात जाणं गुडघ्यांना झेपेना, म्हणून दाणे राखेत चोळून माझ्या परसात पेरलेस. कंद बोटाएवढे व्हायला दोनेक वर्षं गेली. हिवाळ्यात वेल वाळून जायचे, जागा कळायची ती फक्त तुराट्यांवरून. मी चिडायचे. घरात लहान पोर आणि परसात जहर! "मले समजते वो," एवढंच तू म्हणायचीस.

कंद तयार झाले त्या हिवाळ्यात मी दुसऱ्यांदा पोटुशी होते. कपडे वाळत घालते आहे, मागे वळते, तर थोरला तुझ्या वाफ्यात बसून काहीतरी चघळतो आहे. त्याच्या तोंडात बोट घालते. पांढरा चोथा, माती. ह्यांची फॅक्टरीची बस यायला अजून वेळ. शेजारीण रिक्षा आणायला धावली. तू वाफ्यात बसलीस आणि हातांनीच उकरायला लागलीस. एकेक तुराटी, एकेक कंद, अख्खा. शेवटच्या तुराटीखाली मात्र काहीच सापडेना.

"माय, खाल्ला यानं!"

"चूप राय. खाली गेला असन."

तुझी नखं रक्ताळली. कोपरभर खोल कंद सापडला तेव्हा तू तो कपाळाला लावून ढसाढसा रडलीस. मी पोराला उचललं, तर त्याच्याखाली अर्धं रताळं! तरी दवाखान्यात नेलंच.

कंद तू फडक्यात बांधून गावी पाठवून दिलेस. पुढे माझ्या कळा सुरू झाल्या तेव्हा म्हणालीस, "तुह्या मनात भेव हाये पोरी, त कंद आनून नाई बांधत." मी हुश्श केलं.

एक सांगायचं राहिलं. कळा सोसवेनात तेव्हा माझा हात सारखा कमरेकडे जात होता. कंबर भरून आली असं समजून तू तिथे तेल चोळत राहिलीस. माय, मी कंद चाचपत होते.