तीन बोटांची तीन हजार मतं

अकोला,
शुक्रवार, दुपारच्या नमाजानंतर

राजकीय विश्लेषक प्रा. हेमचंद्र यांस,

अब्दुल गफ्फार कूलरवाल्याचा सलाम आणि नमस्कार, दोन्ही. (टीव्हीवर तुझ्या नावाखालच्या पट्टीत जे येतं, तेच वर लिहिलं आहे. पण आठवीपासून एका बाकावर बसलेल्या माणसाला ‘आपण’ म्हणायला हात वळत नाही, तेव्हा पुढे ‘तू’च.) इकडे सगळे खुशाल. अनुपमावहिनींचा गुडघा कसा आहे? तुझी तब्येत विचारत नाही, ती रोज संध्याकाळी सातला दिसते. हनुवटीखाली जरा सुटला आहेस. वर्षभर मी पत्र लिहिलं नाही, तुझा फोनही उचलला नाही, याचं तुला वाईट वाटलं असेल. मला राग होता. तो फोनवर सांगता आला नसता, कारण हल्ली तू फोनवरही समोरच्याला ‘थोडक्यात सांगा’ म्हणतोस.

गेल्या नोव्हेंबरात, विधानसभेचं मतदान आठवड्यावर असताना, तू अमरावतीहून इकडची हवा बघायला आलास. हवा बघायला माणूस कूलरच्या दुकानात येतो इथपर्यंत ठीक, पण नोव्हेंबरात? दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, कारण थंडीत कूलर घ्यायला माझ्या वडिलांच्या काळापासून कुणी आलेलं नाही. मी बोललो नाही, कारण त्याच सकाळी माझी दाढ काढली होती आणि डॉक्टरांनी कापूस कोंबून तीन दिवस तोंड बंद ठेवायला बजावलं होतं. (हे मी तुला खुणेने सांगितलं. तू गंभीरपणे मान हलवून वहीत काहीतरी लिहिलंस.) आयशाबीने कप जरा आपटून ठेवला, कारण तो तिचा सकाळपासूनचा सातवा चहा होता. वीस मिनिटांत तुझा अभ्यास झाला आणि तू बस पकडलीस.

संध्याकाळी आम्ही दोघं कौतुकाने टीव्हीसमोर बसलो. तू सांगत होतास की अकोल्यात कारागीर वर्गात मंदीची खदखद आहे, अल्पसंख्याक मतदार मौन आहे व हे मौन सूचक आहे, आणि महिलांमध्ये सुप्त असंतोष आहे. आयशाबी म्हणाली, ‘हा तर आपल्याच घराबद्दल बोलून राहिला.’ तिथेच थांबला असतास तर मी हसून सोडलं असतं. पण तू म्हणालास, तिथले माझे एक जुने स्नेही कूलर बनवतात, वस्ती त्यांच्या शब्दाबाहेर नाही. (माझ्या शब्दाबाहेर माझी बकरीसुद्धा असते.) आमच्या भागात कूलरवाले दोनच. त्यातला दुसरा, म्हणजे उजैर, तुला आयुष्यात भेटलेला नाही.

सकाळी शटर उघडतो तर किसनराव हजर. पक्षाचं नाव लिहीत नाही, पण कार्यकर्ता कट्टर आहे. ‘गफ्फारभाई, काहून बोलून नाही राहिले? आमच्यावर नाराज हाये का?’ मी सुजलेला गाल दाखवला. त्याला वाटलं, विरोधकांनी मारलं. मग मी तीन बोटं वर केली, की बाबा, तीन दिवस. किसनराव खुर्चीतून अर्धा उठला. ‘तीन हजार?’ मी नाही म्हणून मान हलवली, पण गाल सुजलेल्या माणसाची मान आडवी हलते की उभी, हे बघणाऱ्याच्या इच्छेवर असतं. तो माझे हात हातात घेऊन गेला. दुपारी दुसऱ्या पक्षाचे महादेवराव आले. तीन हजारांची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. आणि सातला तू जाहीर केलंस की तुझ्या सूत्रांनुसार त्या एका वस्तीतली तीन हजार निर्णायक मतं किसनरावांच्या पक्षाकडे सरकली आहेत, आणि सीट त्यांचीच.

हेमचंद्रा, आमच्या यादीत मतदार नऊशे बारा आहेत. त्यातले चाळीसेक कबरस्तानात आहेत.

इथपर्यंत हसू येतं, पुढचं आलं नाही. मशिदीच्या पायरीवर त्याच उजैरने, ज्याला मी पत्रा कापायला शिकवलं, चारचौघांत विचारलं, ‘चाचा, आमची मतं केव्हा विकली?’ गल्लीतल्या लुबनाच्या निकाहात आयशाबीच्या शेजारी जेवायला कुणी बसलं नाही. घरी येऊन ती घासलेली भांडी पुन्हा घासत बसली. चौथ्या दिवशी तोंड उघडलं तसा मी दारोदार फिरलो. कागदात बांधलेली दाढ दाखवली. उजैर म्हणाला, दाढ काय, कुणाचीही असू शकते.

निकालाच्या दिवशी किसनरावांचा उमेदवार अकरा हजारांनी पडला. त्यातले तीन हजार तो अजून माझ्या नावावर धरतो. आणि तू दुपारी बारा वाजता सांगत होतास की मौन मतदार अखेर बोलला, हे मी आधीच म्हटलं होतं. आयशाबीने टीव्ही बंद केला, डोक्यावर पदर घेतला, कुठूनशी बूथ एजंटाची खुणा केलेली मतदारयादी मिळवली आणि भर गल्लीत उजैरला खुर्चीवर बसवून म्हणाली, ‘वाच. तीन हजार होतात का पाह्य.’ गल्ली जमली. तो दीडशे नावांपर्यंत पोचला आणि त्याला स्वतःच्या मरहूम आजोबांचं नाव सापडलं, वय एकशे चार, मतदान केल्याच्या खुणेसकट. आधी त्याची आई हसली, मग सगळे. त्या दिवसापासून लोक आमच्याकडे पुन्हा यायला लागले. खरं म्हणजे आयशाबीकडे यायला लागले. कुणाचं रेशनकार्ड, कुणाचा नळ.

तेव्हा राग आता राहिला नाही. वहिनींना घेऊन दोन दिवस निवांत ये.

तुझा,
अब्दुल गफ्फार

ता. क. पत्राचं कारण लिहायचं राहूनच गेलं. महापालिकेच्या आरक्षणाची सोडत निघाली, आमच्या प्रभागातली एक जागा महिलांसाठी आहे. आयशाबी अपक्ष उभी राहते आहे. तू सातच्या कार्यक्रमात फक्त एवढंच म्हण, की अकोल्यात एका अपक्ष महिलेची लाट दिसते. अभ्यासाला येण्याची गरज नाही.

ता. क. दुसरा. भाऊ, मी आयशाबी. पाकीट मीच चिटकवून राहिली म्हणून वाचलं. ह्यांचं आयकू नका. तुमी ज्याचं नाव घेता थो पडते. माह्यासमोर दीक्षाताई उभ्या हायेत. लाट त्यायचीच हाये, असं रोज सांगत जा.