भुवईचं लिहिलं नाही

११ मार्च, मंगळवार

पाडव्याला नेणार. ठरलं एकदाचं!

इंद्रजीत सकाळी येऊन सांगून गेला. धड बसला नाही, चहा अर्धा टाकला. दिवस चांगला आहे म्हणे, अक्षताचीही तयारी आहे. अक्षता म्हणजे त्याची नवी बायको. गेल्या महिन्याच्या सुरुवातीला माझ्या बहिणीचं, सृष्टीचं, वर्षश्राद्ध झालं आणि महिनाअखेरीला यांचं लग्न. मी त्याला दोष देत नाही. तरुण माणूस, मांजरी गावातल्या नव्या फ्लॅटमध्ये एकटा, किती दिवस राहणार? — हे सगळं मी शहाण्यासारखं लिहितेय. मनात निराळंच आहे.

मुक्ता एकोणीस दिवसांची होती तेव्हा सृष्टी गेली. ताप आला आणि तिसऱ्या दिवशी संपलंच. तेव्हापासून मुक्ता माझ्याजवळ, हडपसरला. तेरा महिने झाले. भेटायला आलेली प्रत्येक बाई म्हणायची, माय मरो पण मावशी जगो. जगलेल्या मावशीनं नंतर काय करायचं ते म्हणीत नाही.

जाताना दारात इंद्रजीत म्हणाला, तेवढी दुपारच्या झोळीची सवय मोडा. झोळीशिवाय झोपायला शिकवा. त्यांच्या फ्लॅटमध्ये छताला कडी नाही. सगळं गुळगुळीत पीओपी.

१२ मार्च, बुधवार

झोळी काढली नाही. उद्या काढते.

१५ मार्च, शनिवार

आज काढली.

सृष्टीची डोहाळजेवणाची हिरवी साडी होती ती. मागच्या खोलीतल्या कडीला मीच बांधली होती. झोळी बांधताना साडी फाडत नाहीत, म्हणून अख्खी पाचवारी गुंडाळलेली. खाली माझं शिलाई मशीन. एका पायानं मशीन, दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला झोळीची दोरी. दुपारी दीडला झोका सुरू, पावणेदोनपर्यंत पोर गार! मग तीन-साडेतीनपर्यंत माझे ब्लाउज. तेरा महिने अशा दुपारी गेल्या. अंगठ्याला दोरीचा वळ पडलाय, तो काही जायचा नाही.

मुक्ताला गोधडीवर ठेवलं. तिनं वर कडीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग जी रडली! तास-सव्वा तास. मी थोपटलं, फिरवलं, पाणी पाजलं. शेवटी दमून माझ्या मांडीवर आडवी झाली, पण डोळे टक्क उघडे.

आई बाहेरच्या खोलीतून म्हणाली, "त्यापरीस मला झोळीत घाल. मी तरी झोपंन."

१८ मार्च, मंगळवार

चौथा दिवस. शेजाऱ्यांकडे बोअरचं काम चाललंय, त्यात आपलं हे. पंखा दोनवर, खिडकीला चादर, पोट भरलेलं, सगळं केलं. काही नाही! उशिरा संध्याकाळी पेंगते आणि मग रात्रीचं सगळं गणित चुकतं. कुणाच्या पिकोच्या साड्या तशाच पडल्यात.

मी तिच्यावर ओरडले. एकदाच. तिचा ओठ थरथरला. मग मीच बाथरूममध्ये जाऊन रडले.

२० मार्च, गुरुवार

झोपली! झोळीशिवाय, जमिनीवर, पन्नास मिनिटं!

आणि कशानं, तर सहज. थोपटून हात भरून आला होता, म्हणून नुसतं बोट ठेवलं तिच्या कपाळावर. बोटाची मागची बाजू. नाकाच्या वरून भुवईवर, भुवईवरून कानशिलाकडे. हळू. डावी, मग उजवी. तिसऱ्या वेळी पापण्या जड झाल्या. पाचव्या वेळी मिटल्या.

मग आठवलं. सृष्टी तान्ही असताना आई तिला असंच झोपवायची. मी सहा वर्षांची, शेजारी बसून बघायचे आणि आईचं लक्ष नसताना स्वतःच्या भुवईवर करून बघायचे. इतकी वर्षं हे माझ्या बोटात कुठं होतं कोण जाणे.

आनंद झाला. मग लगेच कळलं की आनंद कशाचा करतेय. मी तिला जायला शिकवतेय.

२२ मार्च, शनिवार

अक्षता आली. स्कूटीवर, एकटीच. पोरीची ओळख व्हावी म्हणून आता रोज दुपारी येणार.

वाईट नाही. हेच वाईट आहे. आल्या आल्या आईच्या पाया पडली, सृष्टीच्या फोटोलाही नमस्कार केला. मुक्तानं तिचं मंगळसूत्र तोंडात घातलं तर सोडवून घेतलं नाही, तशीच मान वाकडी करून बसून राहिली. मी आपली खोट शोधत बसले. सापडली ती एवढीच — बाई फार हळू बोलते.

२५ मार्च, मंगळवार

अक्षतानं झोपवायचा प्रयत्न केला. पाऊण तास. मुक्ता तिच्या हातातून माझ्याकडे झेपावत होती. मी दारात उभी. मला बरं वाटत होतं. लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठं सांगणार? बरं वाटत होतं.

मग मी घेतली. अक्षताकडे पाठ केली आणि भुवईवरून बोट फिरवलं. दोन मिनिटांत झोपली.

"कसं काय हो ताई?"

"सवयीनं," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. जाताना चपला घालता घालता विचारलं, "ताई, पाडव्यानंतर दुपारी तुम्ही काय कराल?" खोचकपणे विचारलं की साधं, कळलं नाही. म्हटलं, मशीन आहे की. चार गिऱ्हाइकं ताटकळलीत.

खोचकपणेच असणार.

२७ मार्च, गुरुवार

आईशी वाजलं. मी म्हटलं, अजून सहा महिने राहू दे की पोर इथं, इंद्रजीतला सांगून बघ. आई लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "लेकरू त्यांचं हाय. आपण राखण केली. राखण केलेल्या शेताचा सातबारा आपल्या नावावर होतो का?"

माझं स्वतःचं सासर तीन वर्षांत संपलं, मूल नाही म्हणून. ते आईनं काढलं नाही. तिला काढायची गरजही नव्हती.

२९ मार्च, शनिवार

अक्षतासाठी कागद लिहिला. अक्षर नीट काढलं.

बाराला वरणभात, मऊ, तूप घालून. मग अर्धा तास खेळू द्यायचं. एकला पडदे ओढायचे. पंखा दोनवर, तीनवर नको, सर्दी होते. गोधडी हीच, निळी, दुसरी चालत नाही. डाव्या कुशीवर. थोपटताना पाठीवर नाही, कमरेवर. थोपटायला दीडच्या पुढं उशीर करायचा नाही, नाहीतर झोप उडते. कुकर आधी लावून घ्यायचा. शिटी झाली की दचकते.

भुवईचं लिहिलं नाही.

दोनदा पेन टेकवलं. नाहीच लिहिलं. सगळं तर देतेय. एक माझ्याजवळ राहू दे.

३० मार्च, रविवार

नेली.

गुढी उतरवायच्या आधीच आले. आईनं ओटी भरली अक्षताची. मी झोळीची साडी धुऊन, घडी घालून पिशवीत ठेवली होती, आईची वस्तू लेकीजवळ असावी म्हणून. मुक्ता गाडीत बसताना हसत होती, तिला वाटलं फिरायला चाललोय. काचेवर तळहात आपटत होती.

साखरेची गाठी तशीच राहिली तिची, खुंटीला.

३१ मार्च, सोमवार

मशीनवर बसले. एक पाय मोकळा. त्याला काय करावं ते कळेना.

बरोबर दीडला फोन. अक्षता. "ताई, झोपत नाहीये हो. काय करू?"

मी कागदावरचंच पुन्हा सांगितलं. डावी कूस, कमरेवर थोपट. ती हं हं म्हणत राहिली. मग मुक्ता काय जेवली, किती वाजता उठली, सगळं सांगत बसली. वीस मिनिटं बोललो. मागे रडण्याचा आवाज नव्हता, बाहेर गॅलरीत येऊन बोलत असेल.

फोन ठेवल्यावर जेवले. दोन पोळ्या गेल्या.

२ एप्रिल, बुधवार

कालही दीडला, आजही. "झोपत नाही, ताई." मी गरम पाण्यानं पाय पुसायला सांगितलं. आई ऐकत होती, म्हणाली, "लेकरू तुजीच आठवण काढत असंल."

हे ऐकून मला जे वाटलं त्याला दुःख म्हणत नाहीत.

४ एप्रिल, शुक्रवार

पाचवा दिवस. पाच दिवस पोर दुपारची झोपलेली नाही. चौदा महिन्यांचं लेकरू! डोळे लाल होत असतील. डोकं दुखत असेल, सांगता येत नाही. आणि मी इथं फोनची वाट बघत एक वाजताच जेवून हात धुऊन बसते. साडी बदलते! फोनसाठी!

औषध खिशात ठेवून दुखणं बघत बसलेय मी. सृष्टी असती तर तोंड बघितलं नसतं माझं.

उद्या फोनवर सांगून टाकते.

५ एप्रिल, शनिवार

सांगितलं नाही. तोंडाशी आलं होतं. अक्षता म्हणाली, "ताई, तुमच्याशी बोललं की मला धीर येतो." मग मुक्ताच्या नव्या दाताचं निघालं आणि राहून गेलं. राहून गेलं नाही. राहू दिलं.

७ एप्रिल, सोमवार

काल रविवार, इंद्रजीत घरी, म्हणून फोन नव्हता. दिवसभर घड्याळाकडे बघत होते. आज आला. तेच. झोपत नाही.

आता बास. उद्या स्वतः जाते. हे फोनवर सांगायचं नाहीच, तिचं बोट धरून दाखवायला हवं. आणि हेही सांगायचं की मी मुद्दाम लपवलं होतं. शिव्या दिल्या तर ऐकून घ्यायच्या. खुंटीवरची गाठीही नेईन.

८ एप्रिल, मंगळवार

गेले. मांजरीची बस रखडली, पोचायला दीड. पोर नुकतीच पेंगली असली तर उठायला नको म्हणून फोनचा आवाज बंद केला होता. तिसरा मजला. उकाड्यानं लाकडी दार उघडं, जाळीचं तेवढं लावलेलं.

आत जमिनीवर निळी गोधडी. मुक्ता गाढ झोपलेली. उजव्या कुशीवर! अंगावर सृष्टीची हिरवी साडी. बाजूला ताटलीत भाताची शितं वाळलेली, म्हणजे झोपून बराच वेळ झाला होता. अक्षता स्वयंपाकघराच्या दारात, माझ्याकडे पाठ करून, कानाला फोन लावून उभी.

माझ्या पर्समध्ये फोन थरथरायला लागला.

पाय न वाजवता अर्धा जिना उतरले आणि घेतला. "ताई, झोपत नाहीये हो," ती म्हणाली. हळू आवाजात.

मी जिन्यात बसले. म्हटलं, एक सांगायचं राहिलंय. बोटाची मागची बाजू, नाकाच्या वरून भुवईवर, तिथून कानशिलाकडे. हळू. आधी डावी.

"हो का? बघते हं करून."

बेल वाजवली नाही. गाठी जाळीच्या दाराच्या कडीला अडकवायचं मनात आलं, पण तशीच परत आणली. स्टॉपवर उभी होते तेव्हा तिचा पुन्हा फोन आला. "झोपली, ताई!"

म्हटलं, बरं झालं. उद्या दीडला कर, कशी झोपली ते सांगायला.