दो-तीन कुणी खाल्लं?

आबा, आज इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात पोरांना विलंब शिकवत होतो आणि तुम्ही आठवलात. विलंब म्हणजे उशीर नव्हे. उशीर शिकवायला आपल्याकडे मास्तर लागत नाही, एस्टी आहे. चिपला सांगायचं, अमुक इतका वेळ थांब, तसूभर कमी नाही की जास्त नाही, आणि मग पुढचं काम कर. एवढंच ते शास्त्र. आता चिपच्या पोटातच त्यासाठी घड्याळ बसवलेलं असतं. सत्तरचं दशक सरताना मी सांगलीत होतो तेव्हा नव्हतं, नि त्यापायी माझी उभी जिंदगी साताऱ्याच्या भरती मैदानात जाता जाता राहिली.

पलटणीतून हवालदार होऊन तुम्ही म्हसवडजवळच्या आपल्या गावी परतलात ते कवायत बरोबर घेऊनच. सकाळी दात घासायच्या आधी मी अंगणात उभा. एक, म्हटलं की सलामीचा हात वर. दो-तीन, म्हणजे काहीच नाही, नुसतं थिजून राहायचं. मग पुन्हा एक, हात खाली. मी नेमकं मधलं गाळायचो. तुम्ही पाठमोरे असलात तरी कळायचं. "दो-तीन कुणी खाल्लं रं?" "त्यात काय करायचंच नसतंय, आबा." "नुसतं थांबणं ह्ये बी काम हाय. घाई काय, कुत्रं बी करतंय." कुत्र्याशी तुलना मला नवी नव्हती, अंगणातल्या कुत्र्याला मात्र ती लागत असावी, ते उठून जायचं.

पुढं इंजिनियर होऊन मी सांगलीत ट्रंका बनवणाऱ्या कारखान्यात चिकटलो. तुमच्या लेखी हे काम म्हणजे डबे बडवणं. दिवाळीपर्यंत काही करून दाखव, न्हाईतर भरतीला उभा ऱ्हा, हा तुमचा हुकूम. आणि दिवाळी तोंडावर असताना फौजेच्या ट्रंकांचं काम आलं. ट्रंकेचं कडं पत्र्याला जोडायचं म्हणजे तांब्याच्या दोन दांड्यांत दोन्ही दाबून क्षणभर वीज सोडायची. क्षण कमी पडला तर कडं हातात येतं, जास्त झाला तर पत्र्याला भोक. तोवर हा क्षण कामगाराच्या पायाखालच्या पायडलवर होता, आणि पाय जेवणाआधी वेगळा चालतो, जेवणानंतर वेगळा. मी मालकाला गळ घालून मुंबईहून चिपचा बोर्ड आणवला. चिपला एक मोठा आकडा द्यायचा, तो तिनं उलटा मोजत जायचा, शून्य आला की वीज बंद. कागदावर सगळं अप्रतिम होतं. कागदावर माझं सगळंच अप्रतिम असतं.

फौजेच्या तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळी तुम्ही एस्टीनं येऊन थडकता. पहिल्या ट्रंकेचं कडं ओढता. ते तुमच्या हातात येतं. "कडं हाय का कानातली बाळी?" मालक हात जोडतो, "आवं हवालदार, उद्या सायेब येनार हाय, तवर तरी वडू नगा." मी आकडा अंदाजानं वाढवतो; पुढच्या ट्रंकेला भोक पडतं. तुम्ही भोकातून माझ्याकडं बघता. "लय घाईचं यंतर हाय, न्हाईतर लय आळशी. तुझ्यावरच गेलंय. सोमवारी साताऱ्यात भरती हाय. उंची बसतीया तुझी."

अंदाज बंद केला. भर दुपारी, तुम्ही समोर खुर्चीत बसून भाकरी खात असताना, चिप कुठल्या सूचनेला किती वेळ घेते ते पुस्तकात बघून बेरीज करत गेलो. मोजणीच्या प्रत्येक फेरीत मी कागदावर काही सूचना अशा लिहिल्या होत्या की ज्यांचा अर्थ, काही करू नकोस. चिप ती वाचते, काही करत नाही, पण तेवढा वेळ जातो. हिशेब त्या धरून केलेला. बोर्डाची बटणं दाबून सूचना भरताना मात्र, ह्या फुकट्या कशाला, म्हणून मीच त्या गाळलेल्या. माझी चिप दो-तीन खात होती. माझ्याच हातची होती ना. गाळलेल्या साऱ्या परत भरल्या, आकडा पहिलाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी तपासणीचा साहेब कड्यात पहार घालून अक्षरशः लोंबकळला. टर्र आवाज झाला. ट्रंकेला रुपयाएवढं भोक. मालकानं डोळे मिटले. साहेबानं कडं उचलून दाखवलं: पत्र्याचा तुकडा कड्याला तसाच चिकटलेला. "पत्रा फाटला, जोड नाही सुटला. पास." पुढं किती ट्रंकांची कडी ओढली असतील देव जाणे, एकही हातात आलं नाही. तुम्ही साहेबाला सलामी ठोकलीत, दो-तीनसकट, आणि मला म्हणालात, "ठीक हाय." तुमच्या तोंडून हे पदकच. भरतीचं पुन्हा काढलं नाहीत. ती फाटकी ट्रंक मात्र हट्टानं मागून घेतलीत, एस्टीच्या टपावर टाकून गावी नेलीत आणि येईल त्याला भोक दाखवत सुटलात, "माझ्या पोराच्या यंतराचं काम हाय, पत्रा फाटला, पर टाका न्हाई सुटला." अजून घरी आहे ती. गोधड्या असतात. भोकातून उंदीर जातो, तोही रुबाबात.

आज पोरांना म्हटलं, ह्या काही-न-करायच्या सूचनेला आपण दो-तीन म्हणायचं. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "सर, तुम्ही फौजेत होता काय?" नाही म्हणायच्या आधी मी जरा थांबलो, तेवढ्यात तास संपला. पोरं पाय आपटून सलामी ठोकून गेली. मी घेतली. हे पत्र तुम्हाला धाडायची सोय नाही ते बरंच आहे, तुम्ही पहिलं हेच विचारलं असतंत, "मग सांगितलंस का न्हाई?" अजून नाही, आबा. थांबलोय.